मावशीचे पाच हजार वेढे

"श्वास घे मास्तर, पन हलू."

ओसरीवर पाय ठेवला की मावशीचं पहिलं वाक्य हेच. ये नाही, बस नाही. हनुवटीने कोपरा दाखवायची, की आपण तिथे गप बसायचं. तुम्ही हसाल, पण केसाहून बारीक तांब्याची तार तिच्या बोटांतून सरकत असताना कोणी शिंकलं तरी सगळं मुसळ केरात.

सूर्यमाळच्या एका पाड्यावर ती एकटी राहायची. बोईसरच्या कारखान्यात तिने पंधरा वर्षं कॉइल भरल्या होत्या. गिटार असो की लग्नात वाजवणाऱ्या आमच्या पार्टीतला माझा बेंजो, तारांखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती पाच हजार वेढे, त्यातून आवाज स्पीकरला जातो. मावशी तो घरीच भरायची, पायाच्या शिलाई मशीनवर. कारखान्यात वेढे मोजायला मीटर होता, इथे तिचं तोंड. शंभर झाले की वाटीत वालाचा एक दाणा. मध्ये थांबायचं नाही, कारण तार ढिली पडली की पिकअप शिट्टी मारतो.

एकदा आमच्या ढोलकीवाल्याने मध्येच चहाचं विचारलं. तिने आकडा न सोडता लाकडी पट्टी उचलली. तेव्हापासून सूर्यमाळ म्हटलं की त्याला दुसरं काम निघतं.

त्या मे महिन्यात जामसरला संध्याकाळी लग्न आणि सकाळी माझा पिकअप मेला. मी पार्टीचा चकचकीत शर्ट, पांढरी पँट घालूनच मावशीकडे गेलो. तिने मशीन सुरू केलं. मी दाणे मोजत बसलो.

बेचाळीस दाणे झाले आणि टँकरचा हॉर्न वाजला. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, अर्ध्या तासात बाया तळ खरवडायच्या. शेजारणीने हाक मारली. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीने दाराजवळचे दोन हंडे दाखवले. ओठांवर आकडा चालूच होता.

मला कळलं. अगदी नीट कळलं. पण बेंजो मास्तर, पांढरी पँट, आणि बायांच्या गर्दीत डोक्यावर हंडा? मी बुटांकडे बघत बसलो. तिने पुन्हा हनुवटी हलवली. मी कौलं मोजू लागलो. मग तिने काही दाखवलं नाही. उठते की काय, याचीच मला धास्ती होती. ती उठली नाही, आणि मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

बाहेर हंड्यांचा खडखडाट झाला, भांडण झालं, मग सगळं शांत झालं. टँकर घाट उतरून गेला. पन्नासावा दाणा पडला.

तिने पिकअप मेणात बुडवून माझ्या हातात दिला. माझ्या घशाला कोरड पडली होती, सवयीने पाणी मागितलं. तिने मडकं तिरकं केलं आणि तांब्या भरून दिला. मी घटाघटा प्यायलो. तांब्या ठेवताना मडक्यात पाहिलं. तळ.

"तुम्हाला, मावशी?"

"परवा येल टँकर. जा तू, लगीन हाय."

आणि मी गेलो. बेंजो असा वाजला की नवरदेवाचा मामा मांडव सोडेना. मला मात्र त्या आवाजाची भीती वाटत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी मोटारसायकलला पाण्याचे दोन कॅन बांधून पाड्यावर गेलो. दाराला कुलूप. होळीनंतर ती बोईसरला लेकीकडे गेली, डोळ्यांनी दिसत नाही आता, शेजारीण म्हणाली. मी म्हटलं, पाणी तुम्हीच घ्या. तिने हंडा पुढे केला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तूच का रं तो मास्तर? आमी बोललो तिला, मानूस बसला होता ना घरात, त्याला धाडायचा पान्याला. तं म्हनाली, मी त्याला सांगितलंच नाय."

मी कॅनचं बूच काढून तिच्या हंड्यात पाणी ओतू लागलो.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "दोनदा."