माझे मेसेज कोण वाचतंय?

आता काय सांगू तुम्हाला! माणसाने पोलीस ठाण्यात एकवेळ चोर म्हणून जावं, पण माझ्यासारखा फिर्यादी म्हणून जाऊ नये. चोराची निदान कोणी कीव तरी करतं.

मी तारघरात तीस वर्षं काढली. कोण गेलं, कोणाला मुलगा झाला, कोणाला नोकरी लागली, रत्नागिरीतल्या निम्म्या घरांचं बरंवाईट त्या घरांच्या आधी मला कळायचं. पण शब्द कधी बाहेर गेला नाही. बायकोची मामेबहीण बाळंत झाल्याची तार मी घेतली, संध्याकाळी घरी येऊन भाकरी खाल्ली आणि गप्प झोपलो. बायको ते अजून काढते. पण नियम म्हणजे नियम! तार ज्याच्या नावाची, ती त्यानेच वाचायची.

आणि अशा माणसाचे मेसेज फुटायला लागले.

साल दोन हजार पाच. माझी मुलगी सुजाता, नर्स आहे. तिच्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा मिलिंद तांबे, लोट्याला केमिकल कंपनीत केमिस्ट. वडील पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. मध्यस्थ माझा मेव्हणा वसंत, चिपळूणचा. आधीची दोन स्थळं जुळता जुळता मोडली होती. कुणीतरी भांजी मारली होती. दुसऱ्या वेळी सुजाताने नवी साडी घडी करून परत कपाटात ठेवली, ते मी पाहिलं होतं. फार वाईट वाटलं हो. तेव्हाच ठरवलं, ह्या खेपेला ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही.

घरच्या फोनवर बोलायची सोय नव्हती. आपण बोलतो तेव्हा शेजारची शेवंतावहिनी हटकून विरजण मागायला येते. म्हणून मी वसंताला बजावलं, "तोंडाने एक शब्द नाही. सगळं मेसेजवर."

मोबाईल सुजातानेच घेऊन दिला होता. आमच्या घरात रेंज नव्हती. वाडीत रेंज यायची ती बुद्धविहाराच्या वरच्या पायरीवर, तीही उजव्या कोपऱ्यात उभं राहिलं तर. मी रोज संध्याकाळी सहाला तिथे जाई, पायरीवर कोणी नाही याची खात्री करी आणि मगच फोन काढी. जोखमीचं काम!

पहिला मेसेज टाकला: 'मुलगा लोटे. केमिस्ट. वय अठ्ठावीस. पत्रिका बघत नाहीत.' तारेची सवय, शब्द मोजून. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी शेवंतावहिनी विरजण मागायला आली. "काय वो भावोजी, पोरगा लोट्याला हाय नाय? बेस झालं. पत्रिकेची पन भानगड नाय."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला तर मी वयसुद्धा सांगितलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?" मी शेवंतावहिनीला विचारलं.

"आता सगल्यास्नी म्हायत हाय ता," ती म्हणाली आणि विरजण घेऊन गेली.

योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं. मग वसंताचा निरोप आला की पाहुणे रविवारी येतात, चारजण, आणि थोरल्या तांब्यांना दात नाहीत. मी उत्तर धाडलं: 'रविवार ठीक. चकली करत नाही. शिरा करतो.' सकाळी वाडीतल्या तीन बायकांनी माझ्या बायकोला रस्त्यात थांबवून शिऱ्याला केळं घालायचं की नाही यावर आपापलं मत दिलं. एकीने तर रवा आणून दिला. जाडा रवा, कारण बारीक रव्याचा गोळा होतो आणि बिनदाताच्या माणसाला तो गिळवत नाही म्हणे!

आता तुम्हीच सांगा, हे दात काय वाऱ्यावर कळले?

त्याच आठवड्यात पेपरात एक लेख आला. मोबाईलचं क्लोनिंग. तुमच्या फोनची हुबेहूब नक्कल तयार करतात, नंबर तोच, आणि तुमचे निरोप तिसराच माणूस घरी बसून वाचतो. मी तो लेख दोनदा वाचला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

पण मी सरकारी माणूस. पुराव्याशिवाय बोट दाखवत नाही. मी सापळा लावला. एक खोटा मेसेज तयार केला: 'लोटे रद्द. वेळणेश्वरचं स्थळ पक्कं. मुलाचं हॉटेल आहे.' आणि तो वसंताला नाही, माझ्याच नंबरावर पाठवला! म्हणजे लिहिणारा मी, घेणारा मी. हे कोणाला कळलं तर फोन क्लोन झाला, यात शंकाच नको. ह्या युक्तीचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी भात दोनदा घेतला.

सकाळी शेवंतावहिनी दारात हजर. "भावोजी, हाटेलवाला गावला म्हनं! आता यळणेसरला ग्येलो की जेवान फुकट."

सिद्ध झालं! मी मांडीवर थाप मारली. गंमत अशी की, पुरावा हाती आल्याच्या आनंदात मी एक गोष्ट विसरलो. शेवंतावहिनीचा मुलगा लोट्यालाच कामाला आहे. तो सोमवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसला, आणि पहिली पाळी सुटायच्या आत वेळणेश्वरचं हॉटेल मिलिंद तांब्यांच्या जेवणाच्या डब्यापर्यंत पोचलं.

मंगळवारी वसंताचा मेसेज: 'तांबे चिडले. हॉटेल काय प्रकार? रविवार रद्द.'

मी तो सुजाताला दाखवला नाही. पण तिने रविवारची रजा टाकली होती ती मागे घेतली, त्यावरून समजलो की तिलाही कळलंय. मला रात्रभर एकच दिसत होतं, ती घडी केलेली साडी.

गुन्हेगार कोण? उघड होतं. महिन्यापूर्वी माझा फोन सोलकढीच्या पातेल्यात पडला होता आणि दुरुस्तीसाठी दोन दिवस बाजारात सलीमच्या दुकानात होता. दोन दिवसांत माणूस काय नाही करू शकत? मी तडक दुकानात गेलो आणि म्हणालो, "सलीम, माझ्या फोनची नक्कल काढून दे. मुकाट्याने."

"कसली नक्कल, काका?"

"क्लोन. पेपरात आलंय सगळं."

सलीमने फोन हातात घेतला, उलटसुलट केला. "काका, ह्याच्यात सापाचा गेम आणि टॉर्च. ह्याचा क्लोन करायला मला मशीन आणायला लागेल. आणि आणून मी वाचणार काय, तुमच्या घरी चकली नाही म्हणून?"

"बघ! तुलाही चकली माहीत आहे!"

"अख्ख्या बाजाराला माहीत आहे, काका."

मी त्याला तार कायदा ऐकवला. दुसऱ्याचा निरोप वाटेत वाचणं हा गुन्हा, सरकारलासुद्धा लेखी हुकूम लागतो, वगैरे. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, ती ऐकत राहिली. सलीमचा चेहरा उतरला. त्याने शटर निम्मं खाली ओढलं. "चला पोलिसात," तो म्हणाला. "तुम्ही कशाला, मीच तुम्हाला नेतो. माझ्या दुकानाचं नाव आहे बाजारात."

फौजदार जाडजूड आणि शांत होते. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, शिऱ्यासकट. मग सलीमचा फोन टेबलावर ठेवायला लावला आणि म्हणाले, "जाधव, असं करू. तुम्ही एक मेसेज पाठवा. काय लिहिलंत ते कुणाला सांगू नका. बघू सलीमकडे येतो का."

शास्त्रशुद्ध तपास! मला माणूस आवडला. पण खरी कसोटी घ्यायची तर मजकूर कोणाला सुचणार नाही असा हवा. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, पाठ फिरवली आणि वसंताला लिहिलं: 'ठाण्यात आहे. फौजदाराचं पोट सुटलंय. चोर पकडेलसं वाटत नाही. तांब्यांना सांग, हॉटेल खोटं होतं.' नीट तपासून पाठवला आणि आत आलो.

सलीमचा फोन गप्प पडला होता.

फौजदार म्हणाले, "जाधव, पोट सुटलंय हे कबूल. डॉक्टरही तेच म्हणतात. पण चोर पकडणार नाही, हे कशावरून?"

काय सांगू! मी आनंदाने ओरडलोच. "साहेब, बघितलंत? तुमच्यापर्यंतसुद्धा पोचला! पण साहेब, तुमच्याकडे लेखी हुकूम आहे का?"

कोठडीतला एक माणूस गजाला टेकून उभा होता, तो म्हणाला, "आजोबा, हाटेल खोटं होतं तर मग आधी लिहिलंत कशाला?"

हवालदार माझ्याजवळ आला आणि मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "काका," तो म्हणाला, "तुम्ही मेसेज बोंबलून वाचता."

"मी?"

"आधी एकेक अक्षर. एस फॉर सोलापूर, टी फॉर ठाणे. मग सगळा मिळून परत एकदा."

तारघरात नियमच होता तसा. तार घेतली की गिऱ्हाइकाला खड्या आवाजात पूर्ण वाचून दाखवायची, मगच पाठवायची. तीस वर्षांत मी एकदाही तो नियम मोडला नव्हता, आणि निवृत्त झालो म्हणून जीभ काही निवृत्त होत नाही. शिवाय यंत्रांच्या खडखडाटाने माझे कान जरा मंदावलेले, त्यामुळे मला वाटायचं मी मनातल्या मनात वाचतोय. आणि विहाराच्या पायरीखाली, दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे, सार्वजनिक नळ आहे. त्याला पाणी येतं संध्याकाळी सहाला.

"वाचणं गुन्हा आहे, मान्य," फौजदार म्हणाले. "पण ऐकू आलं तर कोणतं कलम लावू?"

मी सलीमचे हात धरले. म्हटलं, चुकलो. तो बिचारा म्हणाला, "राहू दे काका," आणि शटर वर करायला धावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी पोफळी गाठली. थोरल्या तांब्यांसमोर बसलो आणि काही न लपवता सगळं सांगितलं. सापळा, पोट, नळ, सगळं. ते बराच वेळ तोंड दाबून बसले, मग त्यांना इतकं हसू आलं की त्यांची बायको पाणी घेऊन आली. "रविवारी येतो," ते म्हणाले. "शिरा मात्र पाहिजे."

रविवारी आले. वसंताला नेमका ताप. 'मध्यस्थ मी आहे, जे होईल ते पहिलं मला कळवा,' असं त्याने तीनतीनदा बजावलं होतं. चहा झाला, शिरा झाला. सुजाता आणि मिलिंद मागच्या पडवीत बोलून आले. पोरीच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मला काय ते कळलं. मी हळूच अंगणात सटकलो. घरात रेंज नाही, पण मजकूर लिहून ठेवावा आणि नंतर पायरीवर जाऊन पाठवावा, असा विचार. ह्या खेपेला मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. निदान तसं मला वाटत होतं.

'सुजाता खूश. मुलगा हिरा आहे. त्यांच्याकडून होकार आला की सुटलो. देवासारखी माणसं.'

शेवटच्या शब्दावर बोट होतं, तोच घरातून थोरल्या तांब्यांचा आवाज आला. "होकार आहे हो जाधव! आत या!"

गडग्यापलीकडून शेवंतावहिनी ओरडली, "आमचा पन हाय!" मग पलीकडच्या घरातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी आत गेलो, व्याह्यांना मिठी मारली, पेढे वाटले, बायको रडली, मीही रडलो. अंधार पडेपर्यंत वाडी लोटली होती.

चौथ्या दिवशी वसंत अंगात ताप असताना चिपळूणहून दारात येऊन उभा राहिला. चेहरा गंभीर. म्हणाला, "भावोजी, तुमचा काही निरोप नाही, म्हणजे मोडलं असणार. खचू नका. माझ्या नजरेत अजून एक स्थळ आहे."

मी खिशातून फोन काढून बघितला. मेसेज तसाच लिहिलेला होता. पाठवायचाच राहिला होता.