बाकावरचं महायुद्ध

बागेतल्या बाकावर दोन पेन्शनर खाऱ्या दाण्यांच्या फौजा मांडून बसले होते. दुसरं महायुद्ध आणखी दहा वर्षं चाललं असतं तर काय झालं असतं, हा त्यांचा रोजचा खेळ. शिपाई पडला की तो दाणा तोंडात.

मला आमची आत्या आठवली. तिचा नवरा त्याच युद्धात बेपत्ता झाला. मेला असं कोणी कळवलंच नाही, म्हणून तिने कुंकू पुसलं नाही. म्हातारपणीसुद्धा त्याच्यासाठी वडाला दोरा गुंडाळायची. ती गेली तेव्हा बायकांनी मळवट भरला आणि म्हणाल्या, "भाग्यवान! सवाष्ण गेली."

"तुम्ही सांगा, युद्ध लांबलं असतं तर?" एकाने मला विचारलं.

"आमच्या घरात लांबलंच की," मी म्हणालो.

त्याने एक अख्खी पलटण उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या हो, ताजे आहेत."