बिनतोंडाचा घोडा

माझ्या वडिलांचा ठाम समज होता की माणूस ओळखायचा तर त्याच्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळावा, पत्रिका-बित्रिका नंतर. त्यामुळे राजापेठेतल्या आमच्या घरी मला बघायला कुणी आलं की पोहे खाऊन झाल्यावर त्याला बाबांसमोर पटावर बसावं लागे. मला एखादाच प्रश्न विचारला जाई, मुलाची परीक्षा मात्र दुपारभर चाले. एकाने केलेली चाल परत मागितली, तो गेला. एकजण विचार करताना सारखा पाय हलवत होता, तोही गेला. बडनेऱ्याचा एक चांगल्या नोकरीतला मुलगा होणारे सासरे म्हणून बाबांना मुद्दाम जिंकू देत होता. बाबांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी अर्ध्यावरच पट गुंडाळला. जो खेळात खोटं हारते तो घरात काय खरं बोलन, असं त्यांनी आईला सुनावलं. आईने भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

मी तेव्हा पंचविशीला टेकले होते. मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते आणि गल्लीतल्या बायका मला पाहून उसासे टाकत होत्या. मला लग्न करायचं होतं, हे सांगायला आता लाज कसली? पण बाबांना हरवील इतका हुशार आणि हरवताना नम्र राहील इतका शहाणा मुलगा वऱ्हाडात आहे तरी का, याचीच मला शंका येऊ लागली होती.

एकोणीसशे साठच्या आसपास मावसाजींनी अकोल्याचं स्थळ आणलं. मुलगा मुंबईत शिकून आलेला, घरांचे नकाशे काढणारा. सपाट छपराची, नक्षी नसलेली, खांबांना फुलं-वेली नसलेली घरं काढायचा. त्याने बांधलेल्या पहिल्या घराला गोदाम समजून लोक कापसाच्या गाड्या तिथे आणून उभ्या करत, असं मावसाजींनी सांगितलं, आणि ते कौतुकाने सांगितलं. मावसाजींनी मुलाला एवढंच कळवलं होतं की मुलीच्या वडिलांना बुद्धिबळाचा शौक आहे. तो शौक म्हणजे परीक्षा आहे, हे कळवायचं राहून गेलं. म्हणून तो मुलगा, म्हणजे आमचे पाहुणे, भेट घेऊन आले. स्वतः कागदावर काढलेलं आणि सुताराकडून सागवानात करवून घेतलेलं बुद्धिबळ.

त्यांनी पेटी उघडून मोहरे मांडले आणि बैठकीतले सगळे पुढे वाकले. हत्तीला सोंड नव्हती, तो नुसता चौकोनी ठोकळा. उंटाचा ठोकळा वरून तिरपा कापलेला. घोडा म्हणजे काटकोनात वाकलेला लाकडाचा तुकडा. राजा आणि वजीर हे दोन सरळ खांब, राजा वजिरापेक्षा दोन सूत, म्हणजे जेमतेम पाव इंच उंच. पटावर काळी-पांढरी घरंसुद्धा नव्हती, साध्या फळीवर बारीक रेघा कोरलेल्या होत्या. आईने दारातून डोकावून मला हळूच विचारलं, सुतारानं काम अर्ध्यातच सोडलं काय?

बाबांनी घोडा उचलून चारही बाजूंनी पाहिला आणि याचं तोंड कुठे आहे ते विचारलं. पाहुण्यांनी समजावलं की घोडा अडीच घरं जातो हे त्याच्या वाकण्यातच दिसतं, मग तोंडाचा उपयोग काय? मोहरा कसा चालतो तेवढंच त्याच्या अंगावर असावं, बाकी सगळा पसारा. उंटाला मान नको, हत्तीला सोंड नको. बाबा म्हणाले, हत्तीला विचारलं होतं का? मावसाजी हसले. एकटेच हसले.

खरं सांगायचं तर मला ते पाहुणे तिथेच आवडले. बाबांशी बोलताना ते चाचरले नाहीत. पोह्यांची बशी मी पुढे केली तेव्हा त्यांनी मला गाता येतं का विचारलं नाही. मुलींना भूमितीची भीती का वाटते, असं विचारलं. मी म्हटलं, शिकवणाऱ्यांना वाटते म्हणून. ते मनापासून हसले. मग रिवाजाप्रमाणे मी आत गेले, म्हणजे दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. तिथून पट नीट दिसत असे. रविवारी भर उन्हात कुणी खेळायला यायचं नाही म्हणून बाबांनी मला लहानपणीच खेळ शिकवला होता, त्यामुळे दाराआडून पाहिलेला प्रत्येक उमेदवार मी बाबांच्या आधीच नापास केलेला असे.

बाबांनी हट्टाने तोच पट घेतला. मोहरे कुणाचेही असोत, माणूस तोच, असं म्हणाले. पण त्यांचं सगळं आयुष्य शिसवी मोहऱ्यांवर गेलेलं. आंधळ्यानेही हात लावून ओळखावे असे ते मोहरे. इथे त्यांनी हत्ती समजून उंट उचलला. पाहुण्यांनी अदबीने सांगितलं की तो उंट आहे, हवं तर परत ठेवा. बाबांच्या घरात परत ठेवणं नव्हतं. हात लागला तो मोहरा चालायचाच, हा त्यांचाच कायदा. ते घाम पुसत उंट तिरपा घेऊन गेले, आणि घरांना रंगच नसल्यामुळे एक रेघ चुकून नेमके प्याद्याच्या तोंडी पडले. त्यानंतर त्यांचा वजीर गेला. आई आतून चहा पाठवत राहिली. बाबा हरत होते, आणि पाहुणे जराही सूट न देता, जराही न मिरवता जिंकत होते. मी दाराआड देवाचं नाव घेत होते. त्या घरात आजवर एवढं चांगलं कुणी वागलं नव्हतं.

आता एकच चाल उरली होती. पाहुण्यांचा वजीर पुढे सरकला की मात. पाहुण्यांनी हात पुढे केला, खांब उचलला, सरळ नेऊन बाबांच्या राजापाशी ठेवला आणि म्हणाले, "शह. आणि मात."

बाबा वाकले. त्यांनी त्या खांबाशेजारी बोट उभं धरलं, मग मागे उरलेल्या खांबाशेजारी धरलं.

"हा तं राजा हाये," ते म्हणाले.

राजाला हात लागला म्हणजे राजाच एक घर चालवायचा, आणि तो जागचा हलला की उलट पाहुण्यांवरच मात बसत होती. पण बाबांचं लक्ष डावात नव्हतंच. त्यांचा चेहरा मी ओळखला. बडनेऱ्याच्या मुलाच्या वेळी तो असाच झाला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, मुद्दाम केलं काय?

पाहुण्यांनी फक्त हो, चुकलो, एवढं म्हणायचं होतं. पण त्यांचे कान लाल झाले आणि स्वतःच्या मोहऱ्यांचा अभिमान आड आला. म्हणाले, "हे मोहरे असे केलेत की यात गफलत होऊच शकत नाही."

आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं नाही. मावसाजींना कळलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. गफलत होऊ शकत नाही, म्हणजे मुद्दाम केलं. मुद्दाम केलं, म्हणजे बडनेरा. बाबांनी पट बाजूला सारायला हात घातला, आणि मला इतका राग आला, दोघांचाही, की मी सरळ बैठकीत जाऊन उभी राहिले. बघायचा कार्यक्रम झाल्यावर मुलीने असं बाहेर यायचं नसतं. आईने मागून पदर ओढला तो मी सोडवून घेतला.

"बाबा, त्याईनं मुद्दाम नाही केलं. मोहरा उचलला तवा त्याईचं ध्यान पटावर नव्हतं. ते दाराकडं पाहून राहिले होते."

पाहुण्यांनी मान खाली घातली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले कसं दिसलं?"

इथवर आल्यावर खोटं काय बोलायचं? "मी त्याईच्याकडं पाहून राहिली होती," मी म्हटलं, आणि पायाखालची फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

बाबांनी पटावरचा हात काढून घेतला.

"मंग दुपारधरून हा डाव मी एकटाच खेळून राहिलो होतो काय?" ते म्हणाले, आणि त्यांनी आईला आतून साखर आणायला सांगितली.