वीस पुंगळ्या आणि एक परात

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा बापडे! पण चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण माझ्याएवढा शहाणा गाढव गोरेगावच्या बाजारात अजून दुसरा बसलेला नाही.

मी पितळेचा कारागीर. भंडाऱ्याला शिकलो, तिकडच्याच गोरेगावला भट्टी टाकली. घागर म्हणा, परात म्हणा, पितळ माझं ऐकायचं. तिथंच तर घात झाला ना!

लढाईचे दिवस होते. माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाई म्हणायचो, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून एका गावात एकटीच राहायची. नवरा गेलेला. धानाची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, त्यावर तिचं वर्ष. आणि त्या साली रानडुकरं अशी माजली होती, की विचारू नका!

गावात रायफल एकच, मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची. पण लढाईमुळं तिची काडतुसं कुठंच मिळेनात. त्यांच्याकडे दुसऱ्या, मोठ्या रायफलीच्या काडतुसांच्या वीस रिकाम्या पितळी पुंगळ्या होत्या. लांब, रुंद तोंडाच्या. दारू-गोळी ते घरीच भरायचे. फक्त पुंगळ्या आखूड करून, तोंड आवळून द्यायला कोणीतरी हवं होतं. बाईनं माझं नाव सांगितलं, तेही मोठ्या तोऱ्यात.

"हे पाय गा," मालगुजार म्हणाले, "पुंगळीचं बूड पाण्यात ठेवजो, तोंडच तेवढं तापव. बूड नरम पडलं का रायफलीत फुगून बसते."

"हो जी."

म्हणालो आणि मनात हसलो. मला पितळ शिकवतात! अहो, अर्धंच भांडं तापवणारा कारागीर कधी पाहिलाय का? विसाच्या वीस पुंगळ्या भट्टीत घातल्या, बुडापासून तोंडापर्यंत लालभडक! मग साच्यात अशा सुरेख आवळल्या गेल्या, की बघत राहावं. चिंचेनं घासल्या आणि बाईच्या परातीत पेढ्यांसारख्या मांडून घेऊन गेलो. परातही मीच घडवलेली.

"बूड पाण्यात ठेवलं होतं ना गा?"

"हो जी!"

खोटं बोललो. कायले बोललो? ती चकाकी बघून माझंच डोकं फिरलं होतं, दुसरं काय! आजही ते "हो जी" आठवलं की लाज वाटते.

पुंगळ्या भरून झाल्या. दिवस कलला आणि बाईच्या बांधीत सात डुकरं उतरली. मालगुजारांनी मचाणावरून नेम धरला, मी शेजारीच बसलेलो. धडाम! गोळी कुठं गेली देव जाणे, धुराचा भपका मात्र उलटा त्यांच्याच मिशीवर आला. डुकरं पळाली, बांधाआड थांबली, आणि दुसरा बार येईना म्हटल्यावर जेवायला बोलावल्यासारखी परत आली.

"मालक, दुसरी टाका!" मी म्हणालो.

"टाकू कुठी? पहिलीच निघून नाही राहिली!"

पुंगळी फुगून आत घट्ट बसली होती. ओढलं, हिसडलं, शिव्या दिल्या. छे!

खालून बाई ओरडली, "काऊन गा थांबले? मारा ना!"

मी खाली उतरलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. तिनं तीच परात आणि एक काठी माझ्या हातात दिली.

"ठोक."

रायफल नागपूरला दुरुस्तीला गेली, ती धान कापून झाल्यावरच आली; तोवर महिनाभर मचाणावर बसून मी ती परात बडवली. तरी अर्धी बांधी गेलीच. तिचा सहा महिन्यांचा भात माझ्या शहाणपणानं खाल्ला, डुकरांना कशाला नावं ठेवू?

कापणी झाल्यावर बाईनं नव्या तांदळाची खीर केली. थोडीशीच. मी दारात अवघडून उभा. मुंग्या लागू नयेत म्हणून खिरीचा गंज, म्हणजे पातेलं, तिनं पाण्याच्या परातीत ठेवला होता. परात तीच, माझ्या काठीनं पोचेच पोचे पडलेली.

"बस गा," बाई म्हणाली. "बूड पाण्यात ठेवलं हाय मी. मायनं मले एकदाच सांगितलं होतं."