हरणाऱ्यानं पट मांडायचा

नव्वदच्या दशकात नाशिकरोडच्या आमच्या बुद्धिबळ क्लबात एक रिवाज होता. हरणाऱ्यानं समोरच्याशी हात मिळवायचा आणि पुढच्या डावासाठी दोन्ही बाजूंच्या सोंगट्या मांडूनच उठायचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका तर हरले की सोंगट्या मांडता मांडता स्वतःची चूकही सांगायचे.

पुढं सायबर कॅफे आले आणि मी इंटरनेटवर खेळायला लागलो. एकदा तासभर डोकं फोडून मी मात एका खेळीवर आणली, तर समोरचा खेळेचना. हरणार हे त्याला दिसत होतं, तरी घड्याळ संपेपर्यंत बारा मिनिटं त्यानं मला नुसतं बसवून ठेवलं. त्याची वेळ संपली म्हणून मी जिंकलो. असला विजय काय चाटायचाय?

तसाच तणतणत क्लबात गेलो आणि काकांपुढं सगळी आग ओकली. "हरायची एवढी लाज वाटते, तर खेळायला येतात कशाला ही माणसं?"

काका म्हणाले, "बस, एक डाव खेळू."

रागाच्या भरात मी वजीर घालवला आणि वीस मिनिटांत हरलो. पिशवी उचलली आणि निघालो. दारात चपला घालताना मागं बघितलं, तर जिंकलेले काका माझ्या सोंगट्या मांडत होते.