मुलीसाठी लिहिलेली प्रार्थनेची चिठ्ठी

ज्या प्रार्थनेमुळे माझी मुलगी घर सोडून गेली, ती मीच लिहिली होती. हे वाक्य लिहिताना आजही मला धक्का बसतो.

आमच्या चर्चच्या मंडळीत बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते. प्रत्येकीने आपला विषय चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि जाताना दुसरीची एक उचलून आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची. मी शाळेत गणित शिकवते. देवाकडे मोघम मागू नये, असं माझं मत. म्हणून मी मुलीचं नाव लिहिलं आणि पुढे सगळं लिहिलं: कॉलेजला जाताना छातीत धडधडतं, परीक्षा अर्धवट सोडून आली, झोप नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू आहेत. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. चिठ्ठी टाकताना मला हे आठवलंसुद्धा नाही. उलट आपण आईचं कर्तव्य केलं, असं वाटलं.

ज्या बाईंनी ती उचलली, त्या भल्या आहेत. जास्त लोकांनी प्रार्थना करावी म्हणून त्यांनी चिठ्ठीचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या गटात मुलीच्या मैत्रिणीही होत्या.

शनिवारी सकाळी मी बाजारातून आले तेव्हा ती घरात नव्हती. फोन बंद. माझ्या फोनवर तिचा एकच निरोप होता : ‘आई, मी फक्त तुला सांगितलं होतं.’

जुळे सोलापुरातल्या तिच्या दोन मैत्रिणींकडे स्कूटरवरून जाऊन आले. कॉलेज, ग्रंथालय, तलावाचा काठ, सगळं पाहिलं. पाण्याकडे बघताना नको ते विचार मनात येत होते. पोलीस चौकीच्या बाहेर स्कूटर लावली आणि प्रार्थना करायला गेले, तर शब्दच नाहीत. वीस वर्षं सभांमधून मोठ्याने प्रार्थना करणारी मी, “प्रभू, मला काही कळत नाही. तू बघ,” एवढंच म्हणाले आणि चौकीची पायरी चढले.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

“तुमची पोरगी कुंभारीत माझ्या दारात बसलीया. जिवाला काय न्हाय. पण या तुमी.”

मी शहराबाहेर कुंभारीला गेले. विडी कामगारांच्या वसाहतीत एक पन्नाशीची बाई उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. शेजारी माझी मुलगी कातरीने पानं कापत होती. रडून डोळे सुजलेले, पण हात चालू. मी तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, “आदी पानी प्या. मग काय ती शाळा घ्या.”

मी शिक्षिका आहे हे त्यांना मुलीनेच सांगितलं असणार!

पाणी पिऊन मी विचारलं, “हिने तुम्हाला काय सांगितलं?”

“काय न्हाय. म्याबी इचारलं न्हाय. रिक्षातनं उतरली अन् रस्त्याकडंला रडत हुबी व्हती. हात धरून आनली, कातर दिली. निम्मी पानं वाया घालवली की! लई शिकलीया म्हनं.”

मुलगी हसली. अगदी थोडं, पण हसली. मी तिथेच उंबऱ्याजवळ बसले.

“नंबर कसा मिळाला?”

“कुनाला बोलवू म्हनलं, तर तुमचाच दिला.”

हे ऐकून मला दुसरा धक्का बसला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. ज्या आईमुळे ती निघून आली, तिलाच तिने बोलावलं होतं.

मी तिला म्हणाले, “माझं चुकलं.”

“ते आता परत घेता येईल?”

“नाही.” खोटं कशाला सांगू? “गटावरून फोटो काढून टाकायला लावते. लोकांच्या डोक्यातून काढता येणार नाही.”

तिने मान हलवली आणि हातातलं पान पुरं कापलं. मग आम्ही निघालो. त्या बाईंनी मला नाव विचारलं नाही की धर्म. मीही, प्रभूने मला कसं तारलं, ही माझी नेहमीची साक्ष सांगितली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहिले असेन.

पुढच्या बुधवारी मी सभेत उभी राहून माफी मागितली. काहींना ती पटली नाही. “प्रार्थनेत कसली लाज?” असं एक जण म्हणालीच. मुलगी अजून उपासनेला येत नाही. गोळ्या चालू आहेत, परीक्षा पुढच्या सत्रात देणार आहे. सगळं ठीक झालं, असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी माझी धावपळ संपण्याआधीच कुणीतरी तिचा हात धरला होता. त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. मुलांना देवाच्या हाती द्यायचं म्हणजे त्यांचं गुपित चारचौघांत मांडणं नव्हे, आणि देवाला यादी देणंही नव्हे, हे शिकायला मला पन्नाशी गाठावी लागली.

परवा सकाळी मी डोळे मिटून बसले होते. ती चहाचा कप घेऊन समोर आली.

“माझ्यासाठी काय मागितलंस?”

“काही नाही. फक्त तुझं नाव घेतलं.”

तिने कप माझ्या हातात दिला. मग शेजारी बसली आणि म्हणाली, “बास तेवढं.”