गाल लावून पाहणारा

माझा कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा, म्हणून आतल्या चिपवर बसणारा नवा, मोठा कूलर घेऊन मी बोईसरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने झाकण काढलं, मशीन चालू केलं आणि थोड्या वेळाने जुन्या कूलरला चक्क गाल लावला.

"अहो, भाजेल! बोट लावून बघा की!" मी ओरडलोच.

त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती.

"कंपनीत ॲसिडनं भाजली. यांना गरम कळत नाय."

त्याने मशीन बंद केलं. त्याच बोटांनी चिपवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, नवा कूलर बसवला. मशीन चालू करून थोड्या वेळाने पुन्हा गाल टेकवला आणि हसला.

"आता थंड हाय. घरी पोरीचा ताप पण असाच बघतो मी."